पोर्ट ऑफ स्पेन सोडून त्रिनिदाद बघायचं तर: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पोर्ट ऑफ स्पेन या कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या राजधानीच्या शहराबद्दल लिहिलं होतं. सव्हाना मैदान, त्याच्या कडेची 'मॅग्निफिसंट सेव्हन' म्हणतात ती सात जुनी घरं, स्टीलपॅन हे लोखंडी पिंपाचं वाद्य वाजवायचा सराव होतो ते पॅनयार्ड, कार्निव्हल वगैरे. त्यावर जी पत्रं आली त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच, शहर कळलं, आता बाहेर काय आहे ते सांगा. गोव्यातल्या माणसांनी हे विचारलं याचा मला फार आनंद झाला, कारण कलंगुट-बागा करून परत जाणारा पर्यटक सत्तरी, सांगे, काणकोण न बघताच 'गोवा बघितला' म्हणतो तेव्हा आपल्याला कसं वाटतं ते आपल्याला चांगलंच माहितीये. त्रिनिदादचंही तेच आहे, राजधानी वायव्येच्या कोपऱ्यात आणि खरा देश तिच्या पूर्वेला आणि दक्षिणेला पसरलेला. म्हणून यावेळी पानभर प्रश्न आणि उत्तरंच.

प्रश्न: आमचा मुलगा पॉइंट लिसासच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, राहतो पोर्ट ऑफ स्पेनला. आम्ही दोघं साठीच्या पुढची, जानेवारीच्या शेवटी त्याच्याकडे आठवडाभर चाललोय. तो म्हणतो सव्हाना दाखवतो, माराकास बीच दाखवतो, झालं. बीच तर आम्ही इथे रोज बघतो. दुसरं काय बघावं? फार चालवत नाही. – फोंड्याचे एक वाचक

उत्तर: काका, जानेवारी एकदम योग्य महिना निवडलात. तिथं जानेवारी ते मे कोरडा काळ, जूनपासून पाऊस. आणि त्रिनिदाद काही मोठं नाही, शेजारचं टोबॅगो बेट धरून सगळा देश ५,१२८ चौरस किलोमीटर आणि आपला गोवा ३,७०२, म्हणजे अंदाज आला असेल. पण नकाशावर जवळ दिसतंय म्हणून एका दिवसात तीन टोकं करायला जाऊ नका, सकाळ-संध्याकाळ तिथल्या हायवेवर प्रचंड ट्रॅफिक असतं आणि उत्तरेचे डोंगरातले रस्ते अरुंद, वळणावळणाचे. माझं ऐका, एका दिवशी एकच दिशा धरा. मुलाला सुट्टी नसेल त्या दिवशी ओळखीचा ड्रायव्हर सांगून ठेवायला लावा.

पहिल्या दिवशी थकवा असेल तर कॅरोनीचं खारफुटीचं जंगल करा, शहरापासून अर्ध्या तासावर आहे. दुपारी चारच्या सुमाराला सपाट बुडाच्या बोटी सुटतात, बसूनच बघायचं आहे सगळं त्यामुळे चालण्याचा प्रश्नच नाही. आधी अरुंद खाड्यांतून बोट हळूहळू जाते, फांदीवर वेटोळं घालून बसलेला साप दाखवतात, मग मोकळ्या पाण्यात येऊन थांबते आणि सूर्य खाली जायला लागला की स्कार्लेट आयबिसचे थवे रात्रीच्या मुक्कामाला त्या बेटांवर उतरायला लागतात, हिरवं झाड बघता बघता लाल होतं. हा पक्षी त्यांचा राष्ट्रीय पक्षी. पिल्लं मुळात करड्या रंगाची असतात, खाडीतले खेकडे वगैरे खाऊन खाऊन त्यातल्या रंगद्रव्यानं पिसं लाल होतात. पूर्वी लोक चोरून त्याची शिकार करून खायचे, २०१८ मध्ये सरकारनं कायदा कडक केला, आता १ लाख त्रिनिदाद डॉलर दंड आणि दोन वर्षं कैद होऊ शकते. चोडणच्या अभयारण्यात बोटीतून फिरलेल्या माणसाला खारफुटी नवी नाही, पण हा लाल रंग नवा आहे. दुर्बीण न्या, आणि डासांचं औषध विसरू नका.

दुसऱ्या एका दिवशी पारामीन. शहराच्या अगदी डोक्यावर, मारावलच्या वरच्या डोंगरात हे गाव आहे आणि चढ इतका उभा की साध्या गाड्या दमतात, म्हणून खालून जीप मिळतात, त्यात गावातलीच माणसं भाजी-सामान घेऊन बसलेली असतात. वर उतारावर पातीचा कांदा, थाईम आणि शाडो बेनीची शेती. शाडो बेनी म्हणजे लांब पानांची, आपल्या कोथिंबिरीसारखाच पण दणदणीत वास असलेली वनस्पती, त्रिनिदादच्या कुठल्याही घरच्या वाटणात ही असतेच. म्हातारी माणसं अजून फ्रेंच वळणाची पात्वा बोली बोलतात आणि नाताळच्या दिवसांत स्पॅनिशमधली परांगची गाणी म्हणत घरोघर फिरतात. तुम्ही जाल तेव्हा नाताळ संपलेला असेल, तरी वरून समुद्र दिसतो त्या जागी निवांत बसायला म्हणून तरी जा.

लोपिनोही तुम्हाला झेपेल, पूर्वेला डोंगरांच्या खोबणीतलं सपाट हिरवं गाव. एका फ्रेंच जमीनदाराची कोकोची इस्टेट होती ती, घर अजून आहे. पण मला त्या जमीनदारापेक्षा आत्ताच्या गावकऱ्यांची गोष्ट जास्त जवळची वाटते. १९४० च्या दशकात शेजारच्या कौरा खोऱ्यात धरण बांधायचं म्हणून तिथली अख्खी वस्ती उठवून इथं आणली, लोक आपलं सामान, कोको करण्याची रीत, परांगची गाणी सगळं घेऊन आले आणि ते धरण काही त्यावेळी झालंच नाही. साळावलीच्या धरणामुळे कुर्डीहून उठून वाड्याला आलेली माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. कोको पिणार असाल तर गावातला, बियांपासून घरी केलेला मागा. ट्रिनिटारिओ नावाची कोकोची जी जात जगभर नावाजली जाते ती याच बेटावर तयार झाली, तिचं नावच त्रिनिदादवरून आहे.

एक दिवस उरला तर मान्झानियाहून मायारोकडे जाणारा किनारी रस्ता. मैलोन्‌मैल एका हाताला नारळाच्या बागा आणि अटलांटिक, दुसऱ्या हाताला नारिवा दलदल, जिथं मॅनेटी म्हणजे समुद्रगाय अजून टिकून आहे. २०१४ च्या पुरात हा रस्ता ठिकठिकाणी खचून वाहून गेला होता, नंतर दुरुस्त केला. गाडीतूनच बघा, मध्ये थांबून शहाळं प्या, पण पाण्यात उतरू नका, त्या बाजूला ओढ फार जोराची असते.

प्रश्न: मी क्रूझवर कामाला आहे. पोर्ट ऑफ स्पेनला शिप सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते, शोअर लीव्ह मिळाली तर हातात पाच-सहा तास. बरोबरचे सगळे मॉलमध्ये जाऊन वायफाय धरून बसतात. – वास्कोचे एक वाचक

उत्तर: घरच्यांशी बोलायला वायफाय लागतंच हो, त्याला मी काही म्हणणार नाही. पण पाच तासांत पारामीन आरामात होतं, वर लिहिलंच आहे. दुसरा पर्याय माउंट सेंट बेनेडिक्ट, बेनेडिक्टाइन साधूंचा मठ, १९१२ पासूनचा, सेंट ऑगस्टिनच्या वर डोंगरात. तिथून कॅरोनीचं सगळं मैदान दिसतं आणि मठाचं दही बेटभर खपतं. दक्षिणेला मात्र जाऊ नका, हायवेवर एक अपघात झाला की सगळं अडकतं आणि शिप कुणासाठी थांबत नाही. आयबिस बघायचा मोहही सोडा, ते संध्याकाळचंच काम आहे.

प्रश्न: मी शाळेत इतिहास शिकवते. गिरमिटियांबद्दल मुलांना सांगताना त्रिनिदादचं नाव येतं पण पुस्तकात दोन ओळीच असतात. तिथं जायचं ठरलंय. त्या लोकांच्या खुणा बघायला नेमकं कुठे जावं? त्यात मराठी माणसं होती का? – सांखळीच्या एक वाचक

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, म्हणून उत्तर लांबलं तर चालवून घ्या.

३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या समोरच्या पारियाच्या आखातात पोचलं. ब्रिटिशांनी गुलामी बंद केल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून पाच वर्षांचा करार करून हिंदुस्थानातून माणसं न्यायची ही व्यवस्था, तीच माणसं गिरमिटिये. १९१७ पर्यंत ती चालली आणि तेवढ्या काळात जवळपास १ लाख ४३ हजार माणसं त्रिनिदादला गेली. बहुतेक सगळी आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, भोजपुरी-अवधी बोलणारी, काही मद्रासकडून. मराठी माणसं जास्त करून गेली ती मॉरिशसला, त्रिनिदादमध्ये मराठी वस्ती अशी सापडणार नाही. आज त्या देशात साधारण ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत, आणि ३० मे ही 'इंडियन अरायव्हल डे' म्हणून राष्ट्रीय सुट्टी असते. शाळेच्या सुट्टीत जाणार असाल तर तो दिवस तिथं असेल असं जमवा.

सुरुवात नेल्सन बेटापासून करता आली तर बघा. शहरासमोरच्या आखातात एवढंसं बेट आहे, नंतरच्या काळात जहाजातून आलेल्या माणसांना आधी तिथं उतरवून तपासायचे, काही दिवस ठेवायचे आणि मग मळ्यांवर वाटून द्यायचे. नॅशनल ट्रस्टतर्फे तिथं बोटीच्या सहली निघतात, रोज नाही, त्यामुळे जायच्या आधीच विचारून ठेवा. बघायला जुनी दगडी इमारत आणि चारी बाजूंनी पाणी, बस. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसानं तिथं उभं राहणं वेगळंच.

मग शहर सोडून दक्षिणेला, चाग्वानास आणि कुवाच्या बाजूला. एकेकाळी हे सगळं उसाचं रान, सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली आणि आता जुन्या शेतांमधून घरं उठतायत. पण घरासमोरच्या बांबूवर रंगीत झेंडे दिसले की समजायचं इथं पूजा झालेली आहे, ते झेंडे तिथल्या हिंदू घराची ओळखच. गावांची नावं बघाल तर बराकपूर, फैजाबाद, गोवळकोंडा. चेज व्हिलेजला कुंभारांची घरं रस्त्याला लागून आहेत, दिवाळीच्या आधी तिथं हजारोंनी पणत्या होतात.

वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. शिवदास साधू नावाचा साधा मळ्यावरचा मजूर, त्यानं १९४७ च्या सुमाराला किनाऱ्यावर देऊळ बांधलं, पण जमीन साखर कंपनीची निघाली. पाडायला सांगितलं, त्यानं नाही म्हटलं. कोर्टात गेलं, त्याला दंड झाला, तुरुंगात जावं लागलं आणि देऊळ पाडलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला जमीन तुमची असेल, समुद्र तर कुणाचा नाही ना, आणि सायकलवरून दगड, सिमेंट नेत, ओहोटीच्या वेळी चिखलातून आत चालत जाऊन, एकट्यानं भर टाकत समुद्रात देऊळ उभं केलं, पंचवीसेक वर्षं तो हेच करत होता. त्याच्यामागे लाटांनी ते मोडकळीला आलं, मग १९९५ मध्ये भारतीय आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा सरकारच्या मदतीनं ते नव्यानं बांधलं, आता किनाऱ्यापासून देवळापर्यंत पक्की वाट आहे. साधूचा पुतळाही तिथंच. बाजूला स्मशान आहे, उघड्यावर चिता रचतात आणि कुटुंबं तिथं बसलेली असतात. कृपा करून त्या दिशेला कॅमेरा धरू नका, बरोबरच्यांनाही सांगा. काही पर्यटक तेही करतात आणि मला ते बघवत नाही.

तिथून गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर कारापिचैमा आहे. ८५ फुटी हनुमान आणि त्याच्या मागे दत्तात्रेयांचं मंदिर, दक्षिणी पद्धतीचं, म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या पीठाचं. सांखळीच्या दत्तवाडीत वाढलेल्या माणसाला ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या नातवंडा-पतवंडांत दत्त भेटावा ही गोष्टच अशी आहे की त्यावर मी वेगळं काही लिहीत नाही.

आणि शेवटी सिपारिया. हे गाव बरंच खाली, सॅन फर्नांडोच्याही पलीकडे. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये ला दिविना पास्तोरा म्हणून मारियेची सावळी मूर्ती आहे. हिंदू लोक तिला सिपारी माई म्हणतात आणि पवित्र गुरुवारची रात्र आणि गुड फ्रायडेला लांबलांबून तिच्या दर्शनाला येतात, तेल, तांदूळ, दागिना वाहतात, कुणी बाळाचं जावळ तिथं काढतं. शंभर वर्षांपेक्षा जुनी रीत आहे, मध्ये चर्चमधल्या काही मंडळींना हे पसंत नव्हतं, तरी लोक यायचे थांबले नाहीत. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण बहिणी आहेत हे ज्यांनी लहानपणापासून ऐकलंय त्यांना सिपारियाच्या त्या रांगेत उभं राहिल्यावर काय वाटेल ते मी सांगायला नको. ईस्टरच्या सुमाराला जाणं जमलं तर फक्त एवढ्यासाठी जा.

एक विनंती. या लोकांशी बोलताना 'तुम्ही भारतीयच की' असं म्हणू नका. पाच-सहा पिढ्या झाल्या, ते त्रिनिदादियन आहेत, त्यांनी तो देश आफ्रिकी वंशाच्या लोकांबरोबर उभा केलाय. आपल्याकडच्या गोष्टी सांगायच्या आधी त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टी विचारा, लोक भरभरून बोलतात.

प्रश्न: आमच्या गावच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं येतात, आमच्या घरातलेच एक काका राखणीला असतात. त्रिनिदादला त्याहून मोठी कासवं येतात म्हणे, खरंय का? कुठे, कधी? – मोरजीचे एक वाचक

उत्तर: खरंय, आणि नुसती मोठी नाही, जगातली सगळ्यात मोठी. लेदरबॅक. पाठीला कठीण कवच नाही, जाड कातडं आणि त्यावर उभ्या धारा, तीन-चारशे किलोची मादी रात्री पाण्यातून फरफटत वर येते तेव्हा तिचा श्वास ऐकू येतो. आपल्या देशात ही अंडी घालायला येते ती अंदमान-निकोबारला. त्रिनिदादमध्ये मार्च ते ऑगस्ट हा हंगाम, मे-जूनमध्ये सगळ्यात जास्त, आणि जून-जुलैत गेलात तर पिल्लंही बघायला मिळण्याची शक्यता चांगली.

जागा दोन. माटुरा जवळ पडतं आणि तिथं १९९० पासून गावकऱ्यांची संस्था राखण करते, पूर्वी तिथं कासवं सर्रास मारून खायचे, आता तीच मंडळी गाईड आहेत. पण मला विचाराल तर ग्रान्ड रिव्हिएरला जा. उत्तर किनाऱ्याच्या ईशान्य टोकाला, राजधानीहून अडीच-तीन तास, सांग्रे ग्रान्डेपासून पुढे रस्ता समुद्राच्या कडेनं जातो, वाटेत तोकोचं दीपगृह लागतं, जिथं अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्र भेटतात. गाव एवढंसं, नदी, एक वाळूचा पट्टा, आणि ऐन हंगामात एका रात्रीत शेकडो माद्या त्या पट्ट्यावर. इतकी गर्दी की एकीनं घातलेली अंडी दुसरी उकरून काढते.

परवानगीशिवाय हंगामात त्या किनाऱ्यावर रात्री जाता येत नाही, वन खात्याचा परवाना लागतो, मुक्कामाच्या जागेवर सांगितलं की ते सोय करतात, आणि बरोबर गावचा गाईड असतो. टॉर्च पांढरा चालत नाही, लाल उजेड फक्त, फ्लॅश अजिबात नाही. मादी खड्डा करत असताना लांबच राहायचं, अंडी घालायला लागली की गाईड जवळ बोलावतो. हे तुमच्या काकांना सगळं पाठ असेल. २०१२ मध्ये नदीनं पात्र बदललं आणि ती वळवायला आणलेल्या बुलडोझरनी हजारो अंडी आणि पिल्लं चिरडली, गावाचे लोक ते अजून विसरलेले नाहीत. म्हणून म्हणतो, तिथं गेलात की राहा गावातच, जेवा गावातच, पैसे तिथंच खर्च करा, कारण ज्या गावाला जिवंत कासवातून पोट भरता येतं तेच गाव ते कासव जपतं. आणि तुमच्या काकांनाही घेऊन जाता आलं तर न्या, दोन्हीकडच्या राखणदारांना एकमेकांशी बोलायला खूप असेल.

पहाटे लवकर उठलात तर त्याच गावच्या झाडांवर पावी दिसतो, टर्कीएवढा काळा पक्षी, तो फक्त त्रिनिदादमध्येच आहे आणि आता फार थोडे उरलेत.

प्रश्न: डांबराचं तळं म्हणून फोटो बघितले, फार काही वाटलं नाही. आम्ही खाणीच बघत मोठे झालो. खरंच जाण्यासारखं आहे का? – डिचोलीचे एक वाचक

उत्तर: फोटोत ते नुसतं जुनं पार्किंग वाटतं, मान्य आहे. पण जा. ला ब्रेआ गावाला १०० एकरांवर पसरलेलं, मध्यभागी सुमारे ७५ मीटर खोल, नैसर्गिक डांबराचं एवढं मोठं तळं जगात दुसरं नाही. त्यावरून चालता येतं, पायाखाली किंचित दबतं, काही ठिकाणी अगदी मऊ असतं आणि तिथं पाय रुततो, म्हणून गाईडशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. काढलेल्या जागेत हळूहळू पुन्हा डांबर भरत येतं. १५९५ मध्ये वॉल्टर रॅले इथं आला आणि त्यानं आपल्या जहाजांच्या फटी बुजवायला हेच वापरलं, मूळ रहिवाशांना तर त्याच्याही आधीपासून माहीत होतं. त्यांची कथा अशी की इथल्या जमातीनं विजयाच्या मेजवानीत पवित्र हमिंगबर्ड मारून खाल्ले, मग देवानं जमीन उघडून सगळं गाव गिळलं.

मला विचाराल तर तळ्यापेक्षा गाव बघा. खालचं डांबर सरकत राहतं म्हणून ला ब्रेआचे रस्ते लाटांसारखे वरखाली झालेत, घरांच्या भिंती कललेल्या. जगभरातल्या रस्त्यांना ज्या गावानं डांबर दिलं त्याचे स्वतःचे रस्ते असे. खनिज काढलेल्या गावाच्या नशिबी काय येतं ते डिचोलीच्या माणसाला मी काय सांगणार, पण म्हणूनच तुम्हाला तिथं बघायला इतरांपेक्षा जास्त दिसेल. पावसाळ्यात तळ्यावर पाण्याची डबकी साठतात, गंधकयुक्त, गावचे लोक त्यात डुंबायला येतात. जुनी चप्पल घाला.

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी, स्वतः फिरायची सवय आहे. बातम्या वाचून घरचे घाबरलेत. टॅक्सी, बस वगैरे सुरक्षित आहे का? – मडगावच्या एक वाचक

उत्तर: घरच्यांची भीती खोटी नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेर टोळ्यांच्या हिंसाचारामुळे तिथं आणीबाणी जाहीर झाली होती, २०२५ मध्ये पुन्हा झाली. त्यामुळे जायच्या आठवड्यातल्या सूचना वाचूनच निघा. राजधानीतल्या लावेन्टिल, बीथम, सी लॉट्स या भागांत जायचंच नाही, आणि काळोख पडल्यावर सव्हानाच्या मैदानातून पायी जाऊ नका. शहराबाहेरच्या गावांत वातावरण निवांत असतं, पण सामसूम बीच आणि डोंगरातले धबधबे दोघींनीच करू नका, गावचा गाईड घ्या. पश्चिमेच्या समुद्रात व्हेनेझुएलाच्या बाजूला अनोळखी बोटीनं तर नकोच.

दिवसा मॅक्सी टॅक्सी उत्तम. पांढरी मिनीबस, तिच्यावर रंगीत पट्टा, पट्ट्यावरून दिशा कळते. पिवळा शहर आणि पश्चिम, लाल पूर्वेला अरिमाकडे, हिरवा दक्षिणेला चाग्वानास-सॅन फर्नांडो. सुटतात सिटी गेटवरून, हे पूर्वी रेल्वे स्टेशन होतं, रेल्वे कधीच बंद झाली. साधी टॅक्सी घ्याल तर नंबर 'एच'नं सुरू होतो का बघा, 'पी'वाली खाजगी गाडी, तिच्यात बसू नका, लोक बसतात तरी तुम्ही नको. सॅन फर्नांडोला जायला समुद्रातून वॉटर टॅक्सी आहे, ट्रॅफिक पूर्ण टळतं, साधारण पाऊण तास. गाडी भाड्यानं घेतलीत तर आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. आणि मॅक्सीत चढताना आत बसलेल्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, न म्हणता बसणं तिथं उद्धटपणाचं समजतात.

प्रश्न: शुद्ध शाकाहारी माणसाचे हाल होतील का? – केप्याचे एक वाचक

उत्तर: अजिबात नाही, उलट शहराबाहेर जितकं जाल तितकी चंगळ. सकाळी डबल्स, म्हणजे 'बारा' म्हणतात त्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या आणि त्यात चण्याची आमटी, वर चिंचेची, काकडीची चटणी, तिखट 'स्लाइट' म्हणून मागा, तिथली मिरची जबरदस्त असते. दक्षिणेला डेबे गावात रस्त्याकडेला ओळीनं गाडे आहेत, तिथं फुलोरी म्हणजे डाळीच्या पिठाची भजी, बटाटा भरून तळलेला आलू पाय आणि साहिना खा. साहिना म्हणजे अळूची पानं आणि डाळीचं पीठ, तळलेलं, आपल्या अळूवडीचीच लांबची बहीण, आणि माझं सगळ्यात आवडतं. डाळपुरी, भोपळ्याची भाजी, चना-आलू तर कुठल्याही रोटीच्या दुकानात. फक्त कालालू मागताना विचारा, अळूचंच असलं तरी त्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेलं मांस घालतात.

प्रश्न: कागदपत्रांत काही विशेष लागतं का? – काणकोणचे एक वाचक

उत्तर: भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, हे विसरून तिकीट काढलं तर पैसे बुडतील. त्रिनिदादच्या प्रवेशाचे नियम त्यांच्या दूतावासाकडून ताजे विचारून घ्या, ओळखीच्यांच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका.

आणि यलो फीव्हरचं पिवळं कार्ड. हे बहुतेक जण विसरतात कारण जाताना कुणी विचारत नाही, अडतं ते परत येताना. त्रिनिदाद भारताच्या यलो फीव्हरच्या यादीत आहे, कार्ड नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस आयुष्यात एकदाच, पण कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात बोटीवर जाणारी मंडळी घेतात तीच ही लस, आधी फोन करून दिवस विचारा. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर बायकांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी घेण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. फोंड्याच्या काका-काकूंनी तर हे उत्तर वाचून आजच डॉक्टरांची वेळ घ्यावी.